बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी): नागपुरातलं नियमित कॉलेज की इग्नूचं दूरशिक्षण?

दिवसा मोकळे असाल तर नियमित कॉलेजच घ्या. तिरपुडे कॉलेजात किंवा मातृ सेवा संघाच्या संस्थेत क्षेत्रकार्य (प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन काम) अभ्यासक्रमातच असतं. वस्तीत जा, अहवाल लिहा, मार्गदर्शकाकडून तपासून घ्या. हे काम पुस्तकातून येत नाही. पात्र असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढा. पैसे बऱ्याचदा एकाच कारणाने अडकतात: बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं.

नोकरी सांभाळून शिकायचं तर इग्नू. किमान ३, कमाल ६ वर्षं. पण परीक्षा शुल्क वेगळं, ते हिशेबात धरा. स्वाध्याय (असाइनमेंट) मुदतीत द्या. क्षेत्रकार्य इथेही सुटत नाही, म्हणून प्रवेशाआधीच साहेबांकडून सुट्टीचं पक्कं करून घ्या.