एजन्सी सोडताय? जुन्या कमिशनचं काय करायचं

विम्याचं काम सोडायचं म्हटलं की जीव अडकतो तो रिन्यूअल कमिशनमध्ये, म्हणजे जुन्या ग्राहकांनी पुढचे हप्ते भरले की मिळत राहणाऱ्या कमिशनमध्ये. पॉलिसी आपण विकल्या, मग कमिशन आपलंच राहणार, असं बहुतेक एजंट गृहीत धरतात. प्रत्यक्षात ते ठरतं एजन्सी करारातल्या एका कलमावर: किती वर्षं काम केल्यावर हा हक्क पक्का होतो, आणि कोणत्या कारणाने एजन्सी संपली तर तो बुडतो. मुदत भरायला चार महिने उरलेत आणि तुम्ही आज राजीनामा दिलात, तर हातातोंडाशी आलेला घास गेला.

वाहन आणि आरोग्य विमा यातून जवळजवळ वगळा. तिथे बहुधा दर वर्षी नवा करार होतो आणि कोड (कंपनीने दिलेला एजंट क्रमांक) बंद झाला की पुढचं कमिशन सहसा दुसऱ्याच्या खात्यात जातं. खरा प्रश्न आयुर्विम्याचा.

हक्क पक्का असेल तर सरळ मार्ग म्हणजे काम थांबवायचं आणि येईल ते घेत राहायचं. यात कष्ट नाहीत, पण गळती आहे. हप्त्याची आठवण करणारा, पत्ता बदलला तर फॉर्म भरून देणारा माणूसच गेला की पॉलिसी लॅप्स होऊ लागतात, म्हणजे हप्ते थकून बंद पडतात. समजा पहिल्या वर्षी १०० मिळाले. दर वर्षी १० टक्के गळती धरली तर पुढे ९०, ८१, ७३ आणि आठव्या वर्षी जेमतेम ४८. गळती २५ टक्के असेल तर चौथ्याच वर्षी ४२. शिवाय काही करारांत रक्कम ठरावीक मर्यादेखाली गेली की कमिशन बंद होतं. ते कलम छोट्या अक्षरांत असतं.

दुसरा मार्ग विकण्याचा, अर्थात करारात हस्तांतराला परवानगी असेल तरच. समजा कोणी वर्षाच्या कमिशनच्या अडीचपट, म्हणजे २५० देऊ केले. १० टक्के गळतीत हे पैसे घरबसल्या तिसऱ्याच वर्षी सुटतात (१०० + ९० + ८१ = २७१), म्हणजे विकणं तोट्याचं. २५ टक्के गळतीत तेवढ्यालाच चौथं वर्ष लागतं आणि कितीही वर्षं थांबलात तरी एकूण ४०० च्या वर जात नाही. तिथे मी विकेन. फक्त पैसे एकरकमी आहेत की ‘पॉलिसी टिकल्या तर’ हप्त्याहप्त्याने, हे विचारा. दुसऱ्या प्रकारात गळतीचा धोका तुमच्याच गळ्यात राहतो, आणि जुन्या ग्राहकांकडे पुन्हा जायचं नाही ही अटही बहुधा जोडलेली असते.

तिसरा मार्ग कोड जिवंत ठेवून जुन्यांचीच सेवा करण्याचा. किमान नवा धंदा आणण्याची अट असेल तर ती, शिवाय रात्री साडेनऊला येणारे क्लेमचे फोन. नवी नोकरी पूर्णवेळ असेल तर हे दोन वर्षांच्या वर निभत नाही, असं माझं मत. हक्क पक्का व्हायला थोडेच महिने उरले असतील तर मात्र तेवढ्यापुरता हाच मार्ग.

कोणताही मार्ग घ्या, कंपनीचं तुमच्याकडून काही येणं आहे का ते आधी तपासा. कमिशन आगाऊ उचललं असेल आणि पॉलिसी लवकर बंद पडली तर ते परत मागितलं जातं, आणि तुमच्या रिन्यूअलमधूनच वळतं होतं. ग्राहकांना जुनी पॉलिसी मोडून नव्या कंपनीत घेऊन गेलात तर काही करारांत उरलेला हक्कही जातो. आपल्यानंतर नॉमिनीला मिळणार का, तेही लेखी विचारून घ्या; तोंडी ‘मिळतं हो’ कामाचं नाही.

गळती किती हे अंदाजाने ठरवू नका. गेल्या वर्षीचं आणि यंदाचं त्याच महिन्याचं कमिशन स्टेटमेंट शेजारी ठेवा, गेल्या वर्षी असलेले आणि यंदा नसलेले पॉलिसी नंबर पेन्सिलने खोडा. खोडलेल्यांतले मुदत पुरी झालेले सोडून बाकीचे मोजा. हे राजीनाम्याआधीच करा, कारण कोडबरोबर लॉगिनही बंद होऊ शकतं.