सांगलीतून दुबईसाठी डिग्रीचं अटेस्टेशन : एजंटकडून करून घेतल्याचा अनुभव

दुबईत नोकरीला लागून बरेच महिने झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. डिग्रीचं अटेस्टेशन (परदेशात डिग्री मान्य व्हावी म्हणून तिच्यावर घ्यायचे सरकारी शिक्के) सांगलीतल्याच एका एजंटकडून करून घेतलं होतं. नाव देत नाही. काम चोख झालं, पण वागणुकीबद्दल तक्रार आहे.

मुळात हा प्रकार समजून घ्या. तुम्ही खरंच पास झालात का, हे प्रत्येक टप्प्यावर कोणी तपासत नाही. पुढचं कार्यालय फक्त मागच्या कार्यालयाची सही आणि शिक्का ओळखतं. त्यामुळे एक पायरी गाळली की कागद परत. माझी डिग्री शिवाजी विद्यापीठाची, म्हणून आधी कोल्हापूरला पडताळणी. मग मुंबईत राज्य सरकारचं साक्षांकन, ज्याला एजंट लोक सरसकट ‘एचआरडी’ म्हणतात. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी यूएईची वकिलात. इथे उतरल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्यावा लागला तो वेगळाच.

ओमान, बहारीन किंवा सौदीला जाणाऱ्यांचं बरंय. हे देश अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचं एकच साक्षांकन मान्य करणाऱ्या देशांच्या करारात आहेत (सौदी २०२२ च्या डिसेंबरपासून), त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर लागलं की सहसा वकिलातीची पायरी वाचते. भारत स्वतः २००५ पासून या करारात आहे. मी कागद दिले तेव्हा यूएई त्यात नव्हता, म्हणून माझा रस्ता लांबचा.

आता पैशाचं. अपोस्टिलची सरकारी फी कागदाला ५० रुपये आहे, साध्या अटेस्टेशनला तर परराष्ट्र मंत्रालय काहीच घेत नाही. जुलै २०१२ पासून ते थेट आपल्याकडून कागदही घेत नाहीत, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. म्हणजे मोठी रक्कम जाते ती वकिलातीची फी, कुरियर आणि एजंटची धावपळ यात. धावपळीचे पैसे द्यायला माझी ना नाही. महालक्ष्मीने रात्रभर प्रवास करून मुंबईत रांगेत उभं राहायचं, तर नोकरीतून सुट्टी कोण देणार? पण ‘सगळं धरून’ म्हणून सांगितलेला आकडा मध्येच वाढला. पावती मागितली की ‘साहेब, प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. ओरिजिनल डिग्री नक्की कुठल्या गावात आहे, हे कित्येक दिवस आम्हाला माहीतच नव्हतं.

सांगलीकरांसाठी एक खास सूचना. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीत ज्याने त्याने दाखले, मार्कलिस्टा, सगळं लॅमिनेट करून घेतलं. पाण्यापासून वाचवायला ठीक आहे, पण शिक्के आणि स्टिकर मूळ कागदावर बसावे लागतात. माझ्या चुलतभावाच्या डिग्रीचं लॅमिनेशन दुकानदाराने गरम करून काढायला घेतलं आणि कुलगुरूंच्या सहीचा अर्धा भाग प्लास्टिकबरोबर निघून आला. आता तो विद्यापीठाकडून डुप्लिकेट काढतोय. साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा, झालं.

माझी डिग्री परत आली तेव्हा मागची बाजू शिक्क्यांनी भरलेली होती, एका ठिकाणी जांभळी शाई पुढच्या बाजूलाही थोडी उमटली आहे. त्यावरून कुठे अडलं मात्र नाही. कंपनीच्या एचआरने ओरिजिनल बघून घेतली, वर्क परमिट झालं, तेव्हापासून ती कपाटात आहे. त्या बाबतीत एजंटला पैकीच्या पैकी.

राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. बायकोला इकडे आणायचं म्हटल्यावर फॅमिली व्हिसासाठी लग्नाचा दाखलाही अटेस्टेड लागतो. त्याला विद्यापीठाची पायरी नसते, बाकी राज्य, मंत्रालय, वकिलात सगळं तेच. रोज हेच काम करणाऱ्या माणसाने ‘लग्न झालंय का?’ एवढं विचारलं असतं तर दोन्ही कागद एकदमच गेले असते. आता महापालिकेचा दाखला पप्पांनी दुसऱ्या एजंटकडे दिलाय. प्रत्येक टप्प्याची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याशिवाय पुढचे पैसे मिळणार नाहीत, असं त्याला तोंडावर सांगूनच दिलाय.