छोटी कॅम्परव्हॅन की मोठी मोटरहोम? ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर प्राणी बघायला निघाला असाल तर

मुलगी मेलबर्नला असते म्हणून आमच्या तिकडे चकरा होतात, आणि दोन चकरांमध्ये आमचे दोन्ही प्रकार वापरून झालेत. पहिल्यांदा ऑक्टोबरमध्ये मी आणि ही, दोघंच, छोटी दोन जणांची कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली व्हॅन), सिडनीहून प्रिन्सेस हायवे धरून किनाऱ्या-किनाऱ्याने मेलबर्नपर्यंत, बारा दिवस. दुसऱ्यांदा मार्चमध्ये मुलगी-जावई धरून चौघं, मोठी मोटरहोम, मेलबर्नहून विल्सन्स प्रॉमन्टरी नॅशनल पार्क, तिकडून परत फिरून ग्रेट ओशन रोड, नऊ दिवस. परत आल्यापासून ओळखीतले तिघं-चौघं एकच विचारतायत की कुठली घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बर्थ किती, फ्रिज केवढा हे सगळं वेबसाइटवर असतंच, त्यात जात नाही.

साधी कार आणि गावोगावी केबिन हा तिसरा पर्यायही आहे आणि तो वाईट नाहीये, पण प्राणी बघायचे असतील तर मी तो बाजूला ठेवेन. कांगारू, वॉम्बॅट (आखूड पायांचा, गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी) सगळे बाहेर पडतात सूर्य कलल्यावर, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला पार्कातून निघून गावातल्या केबिनकडे गाडी हाकायची असते. सकाळी त्याच रस्त्यावर कडेला पडलेले कांगारू बघितले ना की आदल्या संध्याकाळी आपण इथून ऐंशीने गेलो होतो हे आठवून पोटात गोळा येतो. भाड्याच्या करारातही अंधारात प्राण्याला धडक बसली तर विमा काय देणार नाही ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते सही करायच्या आधी वाचा. तर घर बरोबर घेऊन पार्कातच झोपायचं हे पक्कं, प्रश्न एवढाच की घर केवढं.

चालवण्यात छोटी जिंकते, वादच नाही. आपल्याकडे ज्याने कधी टेम्पो ट्रॅव्हलर चालवली असेल त्याला ती खेळण्यासारखी वाटेल. व्ह्यूपॉइंट दिसला की घुसवली, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका चौकोनात बसली, उलटी फिरवली. ईडनला टेकडीवरच्या लुकआउटवर आम्ही सहज म्हणून थांबलो आणि समोर खाडीत हंपबॅक देवमासे, पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे चाललेले, त्यांचे दिवसच ते. लांबून कुकरची शिट्टी सुटावी तशी वाफ दिसायची, मग काही नाही, मग भलतीकडेच परत वाफ. दीड तास उभे होतो. (ईडनच्या म्युझियममध्ये ओल्ड टॉम नावाच्या किलर व्हेलचा सांगाडा आहे, ह्याची टोळी म्हणे देवमासे खाडीत हाकलत आणायची आणि माणसं शिकार करायची, मग जीभ आणि ओठ ह्यांच्या वाटणीला. १९३० साली मेला. सांगाड्याचे झिजलेले दात जवळून बघा.) तर सांगायचा मुद्दा, असं मनात आलं की थांबणं हे छोटीचं सुख.

मोठी सात मीटरच्या आसपास लांब. ग्रेट ओशन रोड म्हणजे २४३ किलोमीटरचा, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये कुदळ-फावड्याने खोदलेला रस्ता, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला समुद्र, त्यावर मागे दहा गाड्यांची वरात घेऊन चालवताना जावईबापूंचे कान लाल झालेले मी बघितलेत. हळू गाड्यांनी बाजूला व्हायच्या जागा केलेल्या आहेत, तिथे इमानदारीत बाजूला व्हायचं, लोक हात करून जातात. आणि आवाज! पहिल्या वळणालाच ताटल्या, वाट्या, तवा, चमचे, सगळ्यांनी मिळून भजन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी हिने प्रत्येक ताटलीमध्ये एकेक टॉवेल घातला तेव्हा जरा शांत झालं. वाऱ्याने मोठी डुलतेही, समुद्राकडून आडवा वारा आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी.

पण एक सांगतो, थांबता येत नाही हे दुखणं मला वाटलं होतं तेवढं मोठं निघालं नाही. केनेट रिव्हरला कोआला बघायला खाली पार्क करून वर चालतच जायचं असतं, आणि कोआला कुठे आहे ते शोधावं लागत नाही, पाच-सहा माणसं माना वर करून उभी दिसली की त्याच झाडावर. तो काय, दिवसातले अठरा-वीस तास झोपणार, तुम्ही परत येईपर्यंत तिथेच. रेमंड आयलंडला तर गाडी न्यायचीच गरज नाही, पेन्सव्हिलला धक्क्यावर लावायची, फेरी दोन-चार मिनिटांची, पायी जाणाऱ्यांना फुकट, आणि पलीकडे लोकांच्या अंगणातल्या निलगिरीवर कोआला. १९५३ साली फिलिप आयलंडहून आणून सोडलेल्यांची ही पिलावळ. म्हणजे जिथे खरंच काही बघायचं असतं तिथे गाडी लावून पायांनीच जायचं असतं, मग ती पाच मीटरची असो नाहीतर सातची.

आता छोटीबद्दल. तिच्यात दिवसा जे टेबल आणि बाकडी असतात त्यांचाच रात्री पलंग होतो. टेबल खाली, त्यावर फळी, मग सहा उशा विशिष्ट क्रमाने, एक चुकली की परत पहिल्यापासून. आणि हे करताना एकाने बाहेर उभं राहायचं कारण आत दोघांना उभं राहायला जागाच नाही. जर्व्हिस बेजवळ ग्रीन पॅचला पहिल्या संध्याकाळी मी आत गुडघ्यांवर बसून चौथी उशी कोंबतोय आणि ही बाहेरून दबक्या आवाजात, अहो या ना, अहो दोन आलेत, अहो पोटातलं पिल्लू डोकं बाहेर काढतंय. मी बाहेर आलो तोवर शेपट्या दिसल्या. चार दिवसांत सवय झाली, आठ मिनिटांवर आलो, आणि उजेड असतानाच पलंग करून ठेवायचा हेही शिकलो, त्यामुळे पलंगावरून मी छोटीला नापास करणार नाही.

नापास केली ती दाराने.

छोट्या व्हॅनला बाजूला सरकतं दार असतं, डिलिव्हरीच्या गाड्यांना असतं तेच. दिवसा काही वाटत नाही. पण रात्री दोन वाजता विल्सन्स प्रॉमन्टरीतल्या टायडल रिव्हरच्या कॅम्पग्राउंडवर, जिथे दूरवर समुद्राचा आवाज सोडला तर काही नाही, तिथे ते दार उघडून बघा. आधी खटका, मग घर्रर्रर्र, मग शेवटी जाऊन धाड. माझ्या वयाला रात्री एकदा उठावं लागतं, कधी दोनदा, आणि छोटीत संडास नसल्याने दार उघडून दीड-दोनशे पावलांवरच्या ब्लॉकला जाणं आलंच. दार उघडलं आणि टॉर्चच्या उजेडात, अगदी पायरीपासून चार हातांवर, वॉम्बॅट! काळाकरडा, पोत्यासारखा, ज्याच्यासाठी आम्ही एवढे आलो तो. आणि तो पळाला. वॉम्बॅट पळतो हे मला माहीतच नव्हतं, त्या आखूड पायांवर ढुंगण उडवत असा काही पळाला की एखादं सोफ्याचं गिरदं उतारावरून सुटावं.

बरं, उघडलं ते उघडलं, लावायचं काय? हळू लावलं तर अर्धवट लागतं, आतला दिवा जळत राहतो. म्हणजे परत उघडायचं आणि जोरात ओढायचं. मी हळू लावून गेलो, हिला दिव्याने जाग आली, तिने उठून परत घर्रर्र-धाड केलं. मी परत आलो, परत तेच, वर माझ्या मागे ते अर्धवट लागलं म्हणून आणखी एकदा. शेजारच्या तंबूत टॉर्च लागला. सकाळी त्या तंबूतल्या बाई हसून गुड मॉर्निंग म्हणाल्या, पण मला त्यांच्याकडे बघवेना. पुढच्या रात्री मी सात वाजल्यापासून पाणी पिणं बंद केलं, प्रवासातल्या माणसाने करू नये ती गोष्ट. आणि पहाटे साडेपाचला, जेव्हा गवतावर सगळे चरत असतात, तेव्हा बाहेर यायचं तर वाजतगाजतच. बारा दिवसांत एकही सकाळ अशी नाही की आम्ही दार उघडलं आणि समोरचा प्राणी जागच्या जागी राहिला. तेल टाकून बघितलं, खोबरेलसुद्धा. कदाचित आमचीच व्हॅन जुनी असेल, नव्यांमध्ये बरं असेलही, मी काही दहा व्हॅन तपासलेल्या नाहीत.

मार्चमध्ये परत त्याच टायडल रिव्हरला मोठी घेऊन गेलो. मोठीला घरासारखं बिजागरीचं दार, त्याला आतून जाळी, उघडताना फक्त क्लिक. संध्याकाळी जेवणं उरकून दिवे बंद केले, जाळी लावून ठेवली, मी आणि ही पायरीवर चहा घेऊन, पोरं आत खिडकीशी. पावणेआठ-आठला झुडपातून आला. आधी आवाज, गाय गवत ओरबाडते तसा चरर्र चरर्र, बरीच मोठी गाय असावी असं वाटायला लावणारा. मग दिसला. चरत चरत सरळ आमच्याकडे, मान वर नाही, घाई नाही, जणू आम्ही खुंट आहोत. आम्ही पाय हळूच वर घेतले तर तो पायरीच्या कडेला लागला आणि पाठ घासायला लागला. खरंच सांगतो, एवढी मोठी गाडी हलली, वरच्या ताटल्या किणकिणल्या. ही चहाचा कप तोंडापाशी धरून तशीच, तो थंड होईपर्यंत. सकाळी पायरीजवळ चौकोनी लेंड्या, अगदी वड्या पाडल्यासारख्या, वॉम्बॅटची तशीच असते, आणि जावईबापूंनी त्याचे तेवढे फोटो काढले जेवढे लग्नातही काढले नसतील.

रात्री आतच संडास असल्याने दार उघडायचं कामच नाही. आता त्याची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, डम्प पॉइंटला जाऊन रिकामी करावी लागते, हो, ते आपणच करायचं, हातमोजे घालून, पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्यांदा जावईबापूंनी केलं, मग मला लाज वाटली म्हणून मी केलं. फार काही नाही त्यात.

छोटीच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. संडाससाठी बाहेर पडावं लागायचं म्हणून आम्हाला जे दिसलं ते मोठीत दिसलं नाही. पाठीवर पिल्लू घेऊन फांदीवरून चाललेली पॉसम, डोक्यावर आडवा पडलेला आकाशगंगेचा पट्टा, सदर्न क्रॉस. मोठीत चौघंही रात्री आतच, ऊबदार, बाहेर काय चाललंय कुणाला पत्ता नाही. शिवाय छोटीत स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेरच, त्यामुळे पक्षी आपणहून येतात, जरा जास्तच आपणहून, नरूमाजवळ एका कूकाबुराने माझ्या हातातली पोळीची गुंडाळी उडत येऊन नेली, मी नुसता रिकाम्या बोटांकडे बघत बसलो. सिडनीला हॅरिस पार्क ह्या भारतीय वस्तीतून पीठ आणून लाटलेली पोळी ती! (मुद्दाम काही खायला घालू नका हं, त्यांना ते बाधतं.)

खर्चाचं म्हणाल तर मोठीचं भाडं आम्हाला छोटीच्या दुपटीला थोडं कमी पडलं, पण माणसंही दुप्पट होती. डिझेल जास्त लागतं. टायडल रिव्हरला वीज असलेल्या जागा अगदी थोड्या आहेत, तिथली जागा आधी बघा आणि मग गाडीच्या तारखा ठरवा. फिलिप आयलंडला पेंग्विन बघून निघताना गाडीखाली वाकून बघायचं असतं, कुणी बसलेलं नाही ना म्हणून, मोठीखाली ते काम जरा लोटांगणाचं होतं.

तर तरुण जोडपं असेल, रात्री गाढ झोपणारं, मुक्काम कमी आणि फिरणं जास्त, तर बिनधास्त छोटी घ्या, पैसे वाचवा आणि त्या पैशात देवमाशांची बोट करा. पन्नाशी ओलांडली असेल किंवा प्राणी हेच निमित्त असेल तर मी काही आग्रह करणार नाही, पण मोठीचं भाडं एकदा विचारून घ्या. मध्ये एक प्रकार मिळतो, लांब व्हॅन, आत संडास, दोघांना पुरेल अशी, भाडंही मधलं. मुलीने पुढच्या ऑक्टोबरसाठी आम्हा दोघांना तीच सुचवली, म्हणून मागच्या खेपेला निघायच्या आधी यार्डात जाऊन बघून आलो. सगळं उत्तम होतं, पलंगसुद्धा कायमचा. दाखवणाऱ्या मुलाने बाजूचं दार सरकवलं. शेजारच्या गाडीच्या टपावर दोन मॅगपाय बसले होते, ते उडाले. ही माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, चला.