अमेरिकन वुड कौन्सिलचे स्पॅन कॅल्क्युलेटर: ओंडक्यांच्या घराच्या उघड्या वाशांना ते कितपत पुरते?

कोलोरॅडो किंवा माँटानाच्या डोंगराळ भागात ओंडक्यांचे घर बांधायचे ठरवले, की भिंतींआधी छताचा हिशेब समोर येतो. कोकणातल्या कौलारू घराच्या वाशांना कौलांचे वजन आणि पावसाळी वारा सोसावा लागतो. तिथे मात्र बर्फ आठवडेच्या आठवडे छतावर बसून राहतो. त्यातून वासे खालून दिसावेत अशी हौस असेल, तर छत आतून झाकले जात नाही. जाड वाशांवर तक्तपोशी, तिच्यावर इन्सुलेशन आणि सर्वांत वर पत्रा अशी रचना होते, आणि या सगळ्याचा भार मोजक्या वाशांवर येतो. हे वासे किती जाड घ्यावेत, हे ठरवताना बहुतेकांच्या हाती सर्वप्रथम पडते ते अमेरिकन वुड कौन्सिल या लाकूड उद्योगाच्या संस्थेचे मोफत ऑनलाइन स्पॅन कॅल्क्युलेटर.

साधन म्हणून ते नेटके आहे. लाकडाची जात, प्रत, मापे, दोन वाशांमधले अंतर, बर्फाचा भार, छताचे स्वतःचे वजन आणि वाकण्याची मर्यादा निवडली की दोन आधारांमधला कमाल गाळा फूट-इंचांत समोर येतो. लाकडाच्या ताकदीचे आकडे याच संस्थेच्या राष्ट्रीय प्रमाणग्रंथातले असल्यामुळे त्यांवर शंका घेण्याचे कारण नाही. डग्लस फर आणि स्प्रूस या लाकडांची तुलना दोन मिनिटांत होते, आणि इमारत परवाना विभागाशी बोलण्याआधी एवढी तयारी असणे केव्हाही चांगले. एक गोष्ट मात्र विसरू नये: उत्तर आडव्या अंतराचे असते, उताराच्या लांबीचे नव्हे. दर 12 इंचांना 8 इंच चढ असेल, तर 14 फुटांच्या गाळ्याला उतारावर जवळपास 16.8 फूट लाकूड लागते, आणि वळचणीचा भाग त्यात धरलेला नसतो.

अडचण पुढे आहे. हे साधन दोन इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि 24 इंचांपर्यंतच्या अंतराने लावलेल्या लाकडासाठी बनवले आहे. अशा दाटीच्या रचनेत एका वाशाचा भार शेजारचे वासे वाटून घेतात, म्हणून वाकताना सोसण्याची ताकद 15 टक्के वाढवून धरण्याची मुभा असते. ओंडक्यांच्या घरात 6 बाय 10 इंची वासे चार-चार फुटांवर असतात आणि त्यांना ही सवलत मिळत नाही. शिवाय पाच इंच आणि त्याहून जाड लाकडाच्या प्रतीचे आकडे वेगळ्या तक्त्यातून घ्यावे लागतात. दोन इंची लाकडाचे उत्तर मनाने ताणून जाड वाशाला लावणे म्हणजे अंदाजपंचे काम झाले.

म्हणून तुळईचे साधे सूत्र वापरून हाताने केलेला हिशेब इथे देतो. 6 बाय 10 चे लाकूड प्रत्यक्षात 5.5 बाय 9.5 इंच भरते. छतावरचा बर्फ चौरस फुटाला 40 पौंड आणि छताचे वजन उतारावर 15 पौंड, म्हणजे वरच्याच चढाला आडव्या मापात सुमारे 18 पौंड, असे धरले, तर चार फुटांवरच्या वाशाला दर फुटामागे 232 पौंड भार येतो. गाळा 14 फुटांचा असेल तर वाकण्याचा ताण चौरस इंचाला सुमारे 824 पौंड होतो. डग्लस फरच्या दुसऱ्या प्रतीची मर्यादा 875 असून बर्फाचा भार कायमचा नसल्यामुळे, म्हणजे वरच्या सवलतीहून वेगळ्या कारणाने, ती 15 टक्क्यांनी वाढून 1006 होते, त्यामुळे वासा सहज टिकतो. गाळा 16 फूट केला की ताण 1077 वर जातो आणि तोच वासा नापास ठरतो. पहिल्या प्रतीची मर्यादा मात्र याच हिशेबाने 1552 आहे. गाळा 14 फूटच ठेवून बर्फ 70 पौंडांवर नेला, तर ताण 1251 होतो: दुसरी प्रत हरते, पहिली तरते. माझ्या मते जाडी वाढवण्याआधी प्रत वाढवून पाहावी, हे या आकड्यांवरून पुरेसे स्पष्ट आहे. याच कारणामुळे गावातल्या कापगिरणीतून स्वस्तात मिळणाऱ्या, प्रतीचा शिक्का नसलेल्या लाकडाचा मोह धरू नये. प्रतच ठाऊक नसेल तर कोणतीच मर्यादा धरता येत नाही.

गाळ्याच्या पलीकडचे प्रश्न तर कॅल्क्युलेटर विचारतच नाही. आढे भार पेलणारे नसेल तर वासे भिंतींना बाहेर ढकलतात. ओंडक्यांच्या आडव्या भिंती सुकताना खाली बसतात, पण आढ्याखालचा उभा खांब उंचीला फारसा आटत नाही. त्यामुळे वाशाचे खालचे टोक सरकू देणारी जोडणी लागते. टेकूजवळ वाशाच्या खालच्या बाजूला घेतलेली खाच खोलीच्या एक चतुर्थांशाहून अधिक चालत नाही, आणि एवढ्या जाड लाकडाला टोके सोडून इतरत्र खालून खाच घेण्यास मनाईच आहे. ओले लाकूड घेतले तर कायमच्या भाराने येणारा बाक कालांतराने दुपटीपर्यंत जातो, हेही धरावे लागते.

माडी, पडवी किंवा गॅरेजचे दोन इंची वासे ठरवायला मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. दिवाणखान्यावरच्या उघड्या वाशांसाठी मात्र लाकडी बांधकाम जाणणाऱ्या परवानाधारक अभियंत्याचे शुल्क अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावे, आणि त्याच्याकडे जाताना जमिनीवरच्या बर्फाचा स्थानिक आकडा इमारत विभागाकडून लेखी घेऊन जावा.