दारावर येऊन ‘सिक्युरिटी बोल्ट’ बसवून देणाऱ्यांपासून सावध रहा

पुण्यात जुन्या सोसायटीत आईवडील एकटे रहात असतील तर हे जरूर वाचा. कोथरूडला आमच्या आईबाबांकडे कंपनीचा टीशर्ट आणि गळ्यात आयकार्ड घातलेली दोन पोरं आली, मागच्या बिल्डिंगमधे चोरी झालीय, तुमच्या सेक्रेटरींनीच पाठवलंय म्हणाली, आणि मेन डोअर अन् तीन स्लायडिंग खिडक्यांना बोल्ट ठोकून ५,६०० रुपये घेऊन गेली. सेक्रेटरींना विचारलं तर त्यांना यातलं काहीच माहीत नाही, उलट त्यांच्या घरी आमच्या बाबांचं नाव सांगून तेच बोल्ट विकलेले!

बाबा तसे कुणाला सहजासहजी ऐकणारे नाहीत, पण पोरांनी खिशातून लोहचुंबक काढला. काका बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४ स्टेनलेस स्टील. आता हे अर्धवट खरंय म्हणूनच खपतं. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही हे बरोबर, पण तो २०२ या स्वस्त स्टीललाही फारसा चिकटत नाही, अॅल्युमिनियमला नाही, जस्ताच्या ओतीव मालाला तर नाहीच. त्या टेस्टने फार तर एवढंच कळतं की हे साधं लोखंड नाही. आमच्या ओळखीच्या सुताराने कोपऱ्यात कानस मारली तर वरचा चकचकीत क्रोम निघून खाली राखाडी जस्त. असा बोल्ट जोरात धक्का बसला की वाकत नाही, सरळ तुटतो. बोहरी आळीत अगदी तसाच पीस दीडशेला मिळाला.

पण खरी लबाडी बोल्टमधे नव्हतीच, ती चौकटीकडे होती. दारावर कुणी लाथ घातली तर जोर येतो तो बोल्ट ज्या पत्तीत जातो तिच्यावर, आणि ती पत्ती धरून ठेवतात ते स्क्रू. इथे स्क्रू अर्ध्या इंचाचे, त्यातले दोन तर लाकडात गेलेच नव्हते, नुसते प्लास्टरमधे. सुताराने पत्तीखाली पेचकस घालून जरा उचकटलं तर भुशासकट हातात आली. घरात सागवानी चौकट असून उपयोग शून्य. बोल्टही पत्तीत करंगळीच्या नखाएवढाच जात होता.

खिडक्यांची तर कमाल. चावीचा बोल्ट खालच्या ट्रॅकवर लावला होता, त्यामुळे काच बाजूला सरकत नाही हे खरं, पण वर गॅप एवढी की काच उचलली की अख्खी रुळावरून बाहेर! वरच्या ट्रॅकमधे स्क्रू किंवा छोटा ठोकळा टाकून ती गॅप बुजवायची असते, ते दोन मिनिटांचं काम यांनी केलंच नाही. आणि आई सहज म्हणाली म्हणून सेक्रेटरींच्या घरची चावी आमच्या खिडकीला लावून बघितली. उघडली. बाकीच्या दोन्ही पण. म्हणजे या पोरांनी जिथे जिथे बोल्ट लावलेत तिथली चावी बहुतेक एकच, आणि ती त्यांच्याकडेही असणारच.

बिल मागितलं होतं बाबांनी, मिळाला तो रबरी शिक्का मारलेला कागद, जीएसटी नंबर नाही, वर ‘५ वर्षे वॉरंटी’. फोन बंद. पैसे यूपीआयने गेले ते कुठल्याशा बाईंच्या नावावर. पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि गेटवरच्या रजिस्टरचा फोटो जोडून चौकीत अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण तक्रार नोंदवली, पण विकणाऱ्याचा पत्ताच नसेल तर ते नोटीस तरी कुणाला पाठवणार.

आता सुताराकडून आतून १० इंची टॉवर बोल्ट लावून घेतलाय, दांडा वर चौकटीच्या लाकडात भोक पाडून त्यात जातो, पत्तीच्या भरवशावर नाही. बाहेरून अल्ड्रॉप, त्याचे बोल्ट दारातून आरपार आणि नट आतल्या बाजूने. चौकटीतले स्क्रू दोन इंची. सामान आम्ही स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणलं, मजुरी धरून सगळं त्या पोरांनी घेतलं त्याच्या निम्म्यात झालं.

ज्यांच्याकडे हे लोक येऊन गेलेत त्यांनी आजच शेजारच्यांची चावी मागून आपल्या खिडकीला लावून बघा, आणि लागली तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच अर्ज देता येईल.