एव्हरेस्ट बेस कॅम्पचा गाइड: इथून पॅकेज घ्यावं की काठमांडूशी थेट बोलावं?

गाइड मिळवायच्या वाटा तीन. मुंबई-पुण्यातल्या आयोजकाचं ग्रुप पॅकेज, काठमांडूच्या एजन्सीशी व्हॉट्सअ‍ॅपवर थेट बुकिंग, नाहीतर काठमांडूतल्या ठमेल या पर्यटकांच्या भागात उतरून शोधाशोध. दोन-चार जण असाल तर मधली वाट सर्वांत चांगली. आयोजकाच्या पॅकेजमध्ये मधल्या माणसाचं कमिशन जातं आणि गाइड कोण हे बहुतेकदा तिकडे गेल्यावरच कळतं. ठमेलमध्ये ऐन हंगामात जो रिकामा असेल तो पदरात पडतो. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तर हा जुगार खेळूच नये. तेव्हा तिकडे दशैं आणि तिहार असतो, बरेच गाइड घरी गेलेले असतात. दोन-तीन महिने आधी नाव पक्कं करा.

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरांना गाइड सक्तीचा केला, पण खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या भागातल्या, स्थानिक पालिकेने तो नियम राबवला नाही. त्यामुळे बेस कॅम्पच्या वाटेवर ‘सरकारी सक्ती आहे’ म्हणून कुणी घाई करत असेल तर पुढचा एजंट बघा. वाट सरळ आहे, चुकायची भीती फारशी नाही. गाइड घ्यायचा तो उंचीसाठी. कळसूबाई १६४६ मीटर, विमानाने उतरून चाल जिथून सुरू होते ते लुक्ला साधारण २८६० आणि बेस कॅम्प ५३६४. सह्याद्रीत कितीही गड केले तरी विरळ हवेचा सराव होत नाही.

म्हणून कोटेशन हातात आलं की दराआधी दिवस मोजा. नामचे बाजारला (३४४०) दोन रात्री आणि डिंगबोचेला (४४१०) दोन रात्री हव्यातच. लुक्ला ते लुक्ला बारा दिवस हा ठीक हिशोब. स्वस्त पॅकेजमध्ये नेमका डिंगबोचेचा मुक्काम कापलेला असतो आणि मग त्यावरच्या लोबुचे किंवा गोरक्षेपच्या मुक्कामी माणसं डोकं धरून बसतात.

दर साधारण असे: गाइड दिवसाला २५ ते ३५ डॉलर, पोर्टर १८ ते २५. एक पोर्टर दोघांचं सामान घेतो, म्हणजे माणशी दहा किलो धरा. एकटे असाल तर ‘पोर्टर-गाइड’, म्हणजे वाटही दाखवणारा आणि सामानही उचलणारा एकच माणूस, परवडतो, पण त्याच्या पाठीवर १०-१२ किलोंपेक्षा जास्त लादू नका. या दरात त्याचं जेवण, राहणं, विमानभाडं आणि विमा येतो का, हे लिहून घ्या. ‘सगळं त्यात आलं’ हे फोनवरचं वाक्य कामाचं नाही.

परमिटच्या रकमेवरून एजन्सीची नियत कळते. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क इतर परदेशी लोकांना ३००० नेपाळी रुपये, सार्क देशांच्या नागरिकांना १५००, वर १३ टक्के व्हॅट. भारतीय पासपोर्टवर ३००० लावले असतील तर बाकीचं कोटेशनही तसंच फुगवलेलं समजा.

जेवणासह पॅकेज घेऊ नये, हे माझं ठाम मत. चार हजार मीटरच्या वर भूकच मरते, आणि गरम पाणी, चार्जिंग, वायफाय यांचे पैसे तरीही वेगळेच लागतात.

आगाऊ रक्कम १०-२० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि त्याआधी गाइडच्या परवान्याचा फोटो मागवा. मग त्याच माणसाशी व्हिडिओ कॉल करा. बहुतेकांना हिंदी येतं. एकच प्रश्न विचारा: ‘डिंगबोचेला एखाद्याचं डोकं दुखायला लागलं तर काय करशील?’ ‘तिथेच थांबू, वर जाणार नाही, त्रास वाढला तर खाली आणू’ हे बरोबर उत्तर. ‘गोळी देऊ, चालत राहू’ म्हणणारा नको, आणि लगेच हेलिकॉप्टरचं नाव काढणाराही नको. विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावण्याच्या प्रकारांची नेपाळ सरकारने २०१८ मध्ये चौकशी केली होती. विमा सहा हजार मीटरपर्यंतच्या हेलिकॉप्टर बचावासह घ्या आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन करा. मात्र चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर परवानगीची वाट न बघता त्याच क्षणी खाली उतरायला लागा, रात्र असली तरी.

करारात ‘हाच गाइड, नाहीतर आगाऊ रक्कम परत’ हे वाक्य घालायला लावा. ऐनवेळी ‘तो आजारी आहे, त्याचा भाऊ येईल’ ही तिथली नेहमीची गोष्ट. लुक्ल्याचं विमान हंगामात बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतं आणि तिथे पोचायला गाडीने चार-पाच तास लागतात. ते भाडं कोण देणार, आणि हवामानामुळे विमान रद्द झालं तर जादा दिवसांचा गाइडचा पगार कुणी द्यायचा, हेही तिथेच लिहा. परतीच्या बाजूला दोन दिवस मोकळे ठेवाच.

टीप एकूण मजुरीच्या दहा-पंधरा टक्के, शेवटच्या संध्याकाळी लुक्ल्यात, नेपाळी नोटांत. पोर्टरचं पाकीट वेगळं करून त्याच्याच हातात द्या. गाइडमार्फत दिलेलं पूर्ण पोचेलच असं नाही.