आठ महिने, दर शनिवारी: घोड्यावरच्या थेरपीचा आमचा अनुभव

माझा मुलगा सहा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) दोन्ही पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. पुण्याबाहेरच्या एका पागेत आम्ही त्याला घोड्यावरच्या थेरपीसाठी नेतो.

इथे पहिल्या दिवशी त्याला घोड्यावर बसवलंच नाही, तिथेच माझा विश्वास बसला. आधी खुब्याचा एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, फिट येतात का तेही खोदून विचारलं. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी काही न विचारता खोगिरावर बसवून दोन फेऱ्या मारून आणल्या होत्या. पोर रडून रडून लाल झालं होतं.

इथे खोगीर नाही, पाठीवर नुसता जाड नमदा, म्हणजे लोकरीची जाड गादी. त्यामुळे घोडीची ऊब मांड्यांना लागते. राणी वयाने मोठी, फार शांत. मोतद्दारदादा कासरा धरून पुढे, दोन्ही बाजूंना एकेक जण, त्यात एक फिजिओथेरपिस्ट. घोडी फक्त चालते, दुडकी अजिबात नाही. फिजिओताईंनी समजावलं की चालत्या घोड्यावर बसलं की कंबर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही, साधारण आपण चालताना हलते तशीच. मध्येच थांबवतात, पुन्हा चालवतात. दर वेळी तोल सावरताना त्याच्या पोटा-पाठीला काम पडतं.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांची गोष्टही ताईंनीच सांगितली. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेण्याचा खेळ) रौप्यपदक मिळवलं. आता रोज रात्री मुलाला हीच गोष्ट हवी असते.

तो चालायला लागलेला नाही, हे स्पष्ट सांगते. पण पाटावर टेकू न घेता बसून जेवतो. घोड्यावरून उतरल्यावर तासभर पाय सैल असतात, तेव्हा स्प्लिंट (पाय सरळ ठेवणारा आधार) चढवताना झटापट होत नाही. घरचे व्यायाम आणि फिजिओथेरपी चालूच आहे. ती सोडून हे करू नका.

उणीव एकच, पण मोठी: चढायला रॅम्प नाही, उचलून बसवावं लागतं. मूल वाढलं की कसं करायचं? मी दोनदा लेखी सांगितलंय. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की सेशन बंद. अर्ध्या तासाचे 900 रुपये, आम्हाला जडच जातात.

सकाळी 7 ची वेळ मागून घ्या, नंतर ऊन चढतं. पूर्ण पँट घाला. गाजरं न्या, पण ती उतरल्यावर, खरारा करून झाला की मगच द्यायची, असा दादांचा नियम आहे.